निवडणूक, अतिरेक आणि कार्यकर्ता

(ईट, ता. भूम, जि. धाराशिव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोकसभेची निवडणूक जवळ आली की वातावरण तापावयाचेच, असे आपण आता धरून चालू लागलो आहोत. वर्तमानपत्रे तसे लिहितात, पुढारी तसे बोलतात आणि सामान्य माणूस उन्हाळा सोसावा तसे ते सोसतो. परंतु उन्हाळा कोणी आणीत नाही. समाज तापतो तेव्हा त्यामागे माणसे असतात, हितसंबंध असतात आणि वर्षानुवर्षे उत्तराविना पडून राहिलेले प्रश्न असतात. म्हणून या तापाचे निदान करणे हे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचे काम ठरते.

मला आज एकच मुद्दा मांडावयाचा आहे. निवडणूक ही स्वभावतः समाज फोडणारी गोष्ट आहे, असे मी मानीत नाही. आपल्या या जुन्या हैदराबाद संस्थानात निवडणुकीने हातातल्या बंदुका खाली ठेवावयास लावल्याचा इतिहास आहे. आणि निवडणुकीच्या आगेमागे घरे जाळली गेल्याचाही इतिहास आहे. साधन एकच, परिणाम दोन. हा फरक कशाने पडला? मतदारापुढे कोणता प्रश्न ठेवला गेला, याने पडला. ‘जमीन कोणाची, पाणी कोणाला, कामाला दाम किती’ हा प्रश्न ठेवला की माणसे भांडतात, पण एकाच पंगतीत बसून भांडतात. ‘आपला कोण, परका कोण’ हा प्रश्न ठेवला की पंगतच मोडते.

या जिल्ह्याची अर्धी सांगितलेली आठवण

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. लातूरही तेव्हा याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. लातुरात वकिली करणारा कासीम रझवी हा इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा नेता झाला आणि त्याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जो हैदोस घातला, तो या भागातील जुन्या घरांना अद्याप आठवतो. रझाकारांच्या विरोधात लिहिणारा शोएबुल्ला खान हा तरुण मुसलमान संपादक हैदराबाद शहरात ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेला. अतिरेक्याचा पहिला राग परक्यावर असतो, असे आपण समजतो. वस्तुतः स्वतःच्या समाजातील विवेकी माणूस त्याला अधिक खुपत असतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. एवढा भाग आपण दरवर्षी मुक्तिदिनी अभिमानाने सांगतो, आणि तो सांगण्याजोगाच आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, हे सांगताना आपला आवाज बसतो. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा करून भारत सरकारला अहवाल दिला. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घेतले आहे. गुलबर्गा, बीदर व नांदेड हे उरलेले तीन. तो अहवाल अनेक दशके दप्तरांत पडून राहिला. रझाकारीचे प्रायश्चित्त ज्यांना भोगावे लागले, त्यांत रझाकारीशी काडीचा संबंध नसलेले गरीब मोठ्या संख्येने होते.

याच अहवालात एक नोंद आहे आणि कार्यकर्त्यांनी ती मनात ठेवावी असे मला वाटते. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले. विशेषतः जेथे धंदा एक होता, तेथे हे घडले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही वेचले. त्यांनी धर्मनिरपेक्षतेवरील व्याख्याने ऐकली असतील, असे मला वाटत नाही. एकाच मागावरचे सूत, एकच बाजार, एकाच सावकाराचे देणे, एवढ्या धाग्यांनी ती माणसे बांधलेली होती. संकटाच्या रात्री तोच धागा टिकला.

मतपेटीने काय साधले

त्यानंतर अवघ्या तीन-साडेतीन वर्षांत, १९५१-५२ साली, याच संस्थानात प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली. तेलंगणात त्या वेळी कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. तो ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेण्यात आला आणि बंदी असलेल्या पक्षाचे लोक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने निवडणुकीला उभे राहिले. १७५ जागांच्या विधानसभेत त्यांचे ४२ आमदार निवडून आले. नलगोंड्याहून लोकसभेवर गेलेल्या रावी नारायण रेड्डी यांना तर पंडित नेहरूंपेक्षाही अधिक मते पडली.

कम्युनिस्टांशी आपले मतभेद असतील, आहेतच. परंतु येथे पाहण्याची गोष्ट निराळी आहे. रक्तपात होऊन गेलेल्या त्या प्रदेशात निवडणूक शांततेचे साधन ठरली, कारण तिच्यात कुळांचा, वेठबिगारीचा आणि जमीनदारीचा प्रश्न लोकांपुढे होता. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले होते, आणि ते हक्क प्रत्यक्षात कोण मिळवून देईल, यावर मत मागता येत होते. ज्याच्या हाती बंदूक होती त्याला मतपत्रिकेचा उपयोग आहे असे वाटले, म्हणून त्याने बंदूक ठेवली. मताने काही बदलते हा विश्वास जितका खरा, तितका अतिरेक दुबळा. तो विश्वास उडाला की अतिरेक्याला अनुयायी शोधावे लागत नाहीत.

नामांतराचा धडा

दुसरे उदाहरण १९७८ चे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. ठराव न्याय्य होता. परंतु तो करणारे मंत्रिमंडळ अधिकारावर येऊन दहा दिवसही झाले नव्हते, आणि खेड्यांत जाऊन त्यामागची भूमिका समजावून सांगण्याचे काम कोणी केलेले नव्हते. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जो आघात झाला, त्यात झोपड्या जळल्या, माणसे मारली गेली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका न्याय्य ठरावाच्या अंमलबजावणीला साडेपंधरा वर्षे लागली.

त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या सवर्ण तरुणांच्या मनात काय होते? मराठवाड्याचा अनुशेष होता, कोरडवाहू शेती होती, पदवी होती आणि नोकरी नव्हती. हा राग राज्यकर्त्यांवर जावयास हवा होता. तो आपल्याच गावच्या वेशीबाहेर राहणाऱ्या, गायरानाचा तुकडा कसून जगणाऱ्या माणसावर गेला. राग खरा आणि त्याची दिशा खोटी, असे जेथे होते तेथे समजावे की मधल्या काळात कोणीतरी ती दिशा फिरविली आहे.

२०२३ आणि २०२४

आता अगदी अलीकडचे पाहू. २०२४ च्या निवडणुकीपूर्वीचे वर्षभर महाराष्ट्र कसा होता, ते आठवा. मार्च २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरला, मे महिन्यात अकोल्यात, जूनमध्ये कोल्हापुरात आणि सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत जमातवादी दंगली झाल्या. कोल्हापूर आणि पुसेसावळी येथे मोबाइलवरील मजकुराचे निमित्त पुरले. हातात मावेल एवढ्या पडद्यावर कोणी काय लिहिले यावरून शाहू महाराजांच्या नगरीत दगड पडले.

मराठवाड्यात त्याच सुमारास जातीचा विस्तव पेटला. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणाच्या मंडपापाशी पोलिसांनी लाठीमार केला. मराठा आरक्षणाची मागणी जुनी होती. त्या लाठीने तिला घराघरांत नेले. गावोगाव पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. ३० ऑक्टोबरला शेजारच्या बीड जिल्ह्यात आमदारांची घरे पेटविण्यात आली. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात उमरगा तालुक्यात तुरोरीजवळ कर्नाटक परिवहनाची बस जाळण्यात आली आणि जिल्ह्यात संचारबंदी लागली. १७ नोव्हेंबरला अंबडमध्ये ओबीसींचा मेळावा झाला आणि गावातली दोन माणसे एकमेकांना नावाऐवजी प्रवर्गाने ओळखू लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारा कायदा केला, तरी ताप उतरला नाही. मतदानयंत्रांची क्षमता संपेल इतके उमेदवार उभे करावेत, असाही विचार गावांत बोलला गेला. एका यंत्राला १६ बटणे आणि जास्तीत जास्त २४ यंत्रे जोडता येतात, हा हिशेब खेड्यातल्या पोरांना पाठ झाला होता.

आपल्या मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. त्याच दिवशी याच भूम तालुक्यातील पाटसांगवी गावात एका तरुणाचा खून झाला. तो राजकीय वैरातून झाला की वैयक्तिक, यावर त्याच दिवशी वाद सुरू झाला. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. मी त्यावर बोलणार नाही. परंतु मेलेल्या माणसाचे दहन होण्यापूर्वी तो कोणाचा, यावर ओढाताण व्हावी, इतके आपले सार्वजनिक जीवन खाली आले आहे. बीडमध्ये निकाल ६,५५३ मतांच्या फरकाने लागला. त्यानंतर जून महिन्यात त्या जिल्ह्यात अमक्या समाजाच्या दुकानावर जावयाचे नाही, अशा शपथांच्या बातम्या आल्या. पुढाऱ्यांविरुद्ध उगारलेले बहिष्काराचे शस्त्र वर्षभरात शेजाऱ्याच्या किराणा दुकानावर येऊन आदळले. ज्या पुढाऱ्यांना वेशीवर अडविले होते, ते मात्र निवडणूक संपताच आपापल्या गाड्यांतून सुखरूप ये-जा करू लागले.

दोन्हीकडचे दुःख खरे आहे

येथे समाजवादी कार्यकर्त्याने एक मोह टाळला पाहिजे. एका मंडपाला प्रतिगामी आणि दुसऱ्याला पुरोगामी अशी चिठ्ठी चिकटवून मोकळे होण्याचा तो मोह आहे. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. दोन पिढ्यांत शेताचे तीन तुकडे झाले. मोठी जात म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, त्यातील बहुसंख्य माणसे अशा तुकड्यावर जगतात. त्यांच्या मुलाला सरकारी नोकरी हवीशी वाटते, यात नवल नाही.

दुसरीकडे, ज्या बारा बलुत्यांना आणि भटक्या जातींना मंडल आयोगानंतर प्रथमच पंचायतीत खुर्ची मिळाली, त्यांना ती खुर्ची जाईल असे भय वाटते. तेही भय खरे आहे. दोघेही ज्या पाटावर बसण्यासाठी भांडत आहेत, तो पाट दरवर्षी कापला जात आहे. सरकारी भरती रोडावली, कंत्राटी नेमणुका वाढल्या, शिक्षण विकत घ्यावे लागू लागले. पाट कोण कापतो, हे विचारण्याऐवजी पाटावर कोण बसतो, एवढ्यावरच वर्षभराची ताकद खर्च झाली.

डॉ. लोहियांनी शंभरात साठ जागा मागासांना द्या, असे म्हटले, तेव्हा त्या साठांत त्यांनी दलित, आदिवासी, शूद्र आणि मुसलमानांतील मागास यांच्याबरोबर सर्व जातींच्या स्त्रियांना धरले होते. २०२३ च्या त्या गर्दीत, कोणत्याही मंडपात, आमच्या जातीच्या बाईला काय मिळणार, हा प्रश्न ऐकू आला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचा हिशेब नवरा-बायको मिळून होतो आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते. ती बाई मराठा असो, वंजारी असो, धनगर असो वा दलित असो, फडातला तिचा दिवस सारखाच पहाटे सुरू होतो. तिच्यासाठी कोणीही उपोषणाला बसले नाही.

२ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रांसंबंधी शासननिर्णय निघाला आणि ओबीसी संघटनांत पुन्हा अस्वस्थता आली. पुढील जनगणनेत जातनिहाय मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. मोजणी झाली पाहिजे, ही आपली जुनी मागणी. परंतु आकडे बाहेर पडतील तेव्हा त्यांच्याबरोबर जमिनीचे, पगाराचे आणि शिक्षणाचे आकडे लोकांपुढे मांडणारा कोणी गावात नसेल, तर नुसत्या डोक्यांच्या संख्येवरून पुन्हा दंड थोपटले जातील. पुढच्या लोकसभा निवडणुकीच्या आधीच हे घडू शकते, हे आज ध्यानात घ्यावे.

कायदा कोठे थांबतो

काहीजण म्हणतील, या सर्वांना कायदा आहे. आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने धर्म, जात, वंश, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरविला आहे. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील प्रचारावरून ती निवडणूक रद्द झाली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चारास तीन मतांनी असे ठरविले की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्याही जातिधर्माच्या नावाने केलेले आवाहन निषिद्ध आहे.

हा कायदा आपण वाचलेला असावा आणि प्रसंगी वापरावा. परंतु त्याची मर्यादाही ओळखावी. त्याचा हात उमेदवारापर्यंत पोहोचतो. आचारसंहिता लागते ती वेळापत्रक जाहीर झाल्यावर. २०२४ मध्ये तो दिवस १६ मार्च होता. तोवर वर्षभर मंडपांत, मोर्चांत आणि मोबाइलवर जे पेरले गेले, ते उगवून आले होते. उगवलेल्या पिकाचा पंचनामा कायदा करू शकेल. पेरणीच्या वेळी शेतात उभे राहणे हे कार्यकर्त्याचेच काम आहे.

आपले काम

ते काम कोणते, हे थोडक्यात सांगतो.

पहिले, ज्या धाग्याने १९४८ मध्ये विणकरांनी विणकरांना वाचविले, तो धागा आज आपल्या गावात कोठे आहे, ते शोधा. या तालुक्यातला खवा दूरदूरच्या बाजारांत जातो. खव्याच्या भट्टीवर येणारे दूध सर्व जातींच्या गोठ्यांतून येते, आणि दुधाचा भाव पडतो तेव्हा तो सर्वांचा पडतो. ऊसतोड मजुरांची मुकादमाशी बांधिलकी, दुधाचा दर, पीकविमा, कृष्णा-मराठवाडा योजनेचे पाणी, यांपैकी कोणताही एक प्रश्न घ्या आणि त्यावर सर्व जातींची माणसे असलेली समिती उभी करा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर सगळे गाव एका रांगेत बसले होते. त्या अनुभवातून आणि लोकांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला आणि शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला काम मिळाले. कोणत्याही जातीचे काही काढून न घेता मिळालेला हा हक्क होता. अशी मागणी आजही करता येते.

दुसरे, अफवेच्या पहिल्या तासाला महत्त्व द्या. मोबाइलवर काही आले की त्या माणसाच्या घरी जा, खरे काय ते विचारा आणि गावाला सांगा. हे काम दोन्ही बाजूंचे दोन कार्यकर्ते एकत्र जाऊन करतील, तर त्याचे वजन दहापट होईल.

तिसरे, स्वतःच्या समाजाच्या सभेत बोला. दुसऱ्याच्या अतिरेकावर टीका करणे सोपे असते आणि त्याला टाळ्याही मिळतात. मराठा कार्यकर्त्याने मराठ्यांच्या मंडपात, ओबीसी कार्यकर्त्याने ओबीसींच्या मेळाव्यात, मुसलमान कार्यकर्त्याने मोहल्ल्यात उभे राहून ‘येथवर ठीक, यापुढे नाही’ असे म्हटले पाहिजे. शोएबुल्ला खानने हेच केले होते. याची किंमत आहे, आणि ती देण्याची तयारी नसेल तर विवेकाची भाषा करू नये.

चौथे, उमेदवाराला अडवू नका. त्याला बसवून घ्या. गावबंदीने पुढाऱ्याची एक सभा वाचते आणि त्याला उत्तर देण्यापासून सुटका मिळते. त्यापेक्षा त्याला चावडीपुढे बोलवा, पाण्याचा, दुधाचा, भरतीचा प्रश्न लेखी हातात द्या आणि सर्व गावापुढे उत्तर घ्या. प्रश्न आपण ठरविला नाही, तर तो त्याचे प्रचारक ठरवितात.

आपला पक्ष लहान आहे, ही गोष्ट खरी. पण गावात कोणता प्रश्न विचारला जावा, हे ठरविण्यासाठी मोठी संख्या लागत नाही. त्यासाठी निवडणूक नसलेल्या चार वर्षांत गावात राहणारी, हिशेब मांडणारी आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊ शकणारी चार-पाच माणसे पुरतात. पुढची निवडणूक येईल तेव्हा भूम तालुक्यातील प्रत्येक मोठ्या गावात अशी माणसे असावीत, ती वेगवेगळ्या जातींची असावीत आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास असावा. त्या कामाची सुरुवात उद्या सकाळपासून करावी, एवढीच विनंती.